संगणकाला बिनतारी कार्ड बसविताना

कार्यालयात इंटरनेट आले आहे, संगणक कक्षात मात्र ते पोहोचत नाही, ही तक्रार गोव्यातील गावोगावच्या शाळांतून आणि पंचायत कार्यालयांतून वारंवार कानी पडते. कारण बहुधा साधे असते. जोडणीची तार मुख्याध्यापकांच्या किंवा सचिवांच्या टेबलापर्यंत येऊन थांबते आणि संगणक असतो अंगणापलीकडच्या खोलीत. मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. अंगणावरून तार ओढावी, तर मृगाच्या पहिल्या गडगडाटात आकाशातील वीज त्या तारेवाटे यंत्रापर्यंत येण्याची भीती. जमिनीखालून न्यावी, तर घुशींचा उपद्रव. अशा ठिकाणी संगणकात बिनतारी जाळ्याचे कार्ड, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले वायफाय कार्ड बसविणे, हा स्वस्त व सुटसुटीत उपाय ठरतो. मांडीवरील संगणकात आणि मोबाइलमध्ये ही सोय मुळातच असते. टेबलावरील संगणकांत, विशेषतः कार्यालयांसाठी घेतलेल्या जुन्या यंत्रांत, ती पुष्कळदा नसते.

कार्ड बसविणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. सत्तरी तालुक्यातील एका शाळेत ते होत असताना प्रस्तुत लेखक हजर होता. लेखक कला शाखेचा पदवीधर. यंत्राचे झाकण उघडलेले पाहिले की दोन पावले मागे सरणारा. तरीही ते काम पाहून त्याला भय वाटले नाही. भय वाटावे अशी गोष्ट त्यानंतर घडली, आणि तिला बऱ्याच अंशी तोच कारणीभूत होता. ती हकीकत यथाक्रम येईलच.

हे कार्ड म्हणजे वस्तुतः एक लहानसा रेडिओ होय. घरातील रेडिओ केवळ ऐकतो, हे कार्ड ऐकते आणि बोलतेही. जोडणीच्या टोकाशी असलेला राउटर हा त्याचा दुसरा भिडू. या दोहोंचा संवाद मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, दुसऱ्यातील तिच्या निम्म्याहून कमी. आखूड लहरी अधिक वेगाने माहिती वाहून नेतात, परंतु भिंतीपुढे लवकर थकतात. म्हणून एकाच खोलीत राउटर व संगणक असतील तर ५ गिगाहर्ट्झ उत्तम. मध्ये चिऱ्याची जाड भिंत आणि अंगण असेल तर २.४ गिगाहर्ट्झचाच आधार घ्यावा. दोन्ही पट्टे जाणणारी कार्डे आता सर्वत्र मिळतात, तेव्हा घेताना तशीच घ्यावीत.

ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल की, एके काळी घरात नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. तो नियम १९८० च्या दशकात संपुष्टात आला. प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रांवर मात्र निर्बंध कायम राहिले, आणि वायफाय कार्ड हे प्रक्षेपण करणारे यंत्र आहे. केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त केला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा विस्तृत भाग २०१८ मध्ये. म्हणूनच आज कोणीही अर्ज न करता हे कार्ड वापरू शकतो. परंतु परवानामुक्त पट्टा म्हणजे गावचे गायरान. तेथे कोणाची गुरे केव्हा येतील याला बंधन नसते, आणि आपले वासरू आपणच सांभाळावयाचे असते. कार्डाबरोबर सुरक्षिततेचा विचार करावा लागतो तो या कारणासाठी.

खरेदीपूर्वी

बाजारात जाण्यापूर्वी संगणकाचे झाकण काढून आत एकदा डोकावून पाहावे. मुख्य पटलावर, म्हणजे मदरबोर्डवर, कार्डे उभी खोचण्यासाठी लांबट खाचा असतात. आजच्या प्रचारातील आखूड खाच सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. अगदी जुन्या यंत्रात साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांबीची जुन्या पीसीआय प्रकारची खाच आढळते. नवे कार्ड त्या जुन्या खाचेत बसत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या अधिक लांब खाचेत मात्र आखूड कार्ड निर्वेधपणे चालते. दुसरी गोष्ट कॅबिनेटच्या रुंदीची. अनेक कार्यालयांत अरुंद, सडपातळ कॅबिनेटे असतात. त्यांना कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी सुमारे आठ सेंटिमीटर उंचीची लागते. नेहमीची पट्टी बारा सेंटिमीटरची असते. चांगल्या कार्डाबरोबर दोन्ही पट्ट्या येतात. त्या आहेत किंवा नाहीत, हे दुकानातच पाहून घ्यावे. पणजीहून वाळपईला परतल्यावर खोक्यात लहान पट्टी नाही असे आढळले, तर सबंध दिवस वाया जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कार्ड डब्ल्यूपीए-३ हे संरक्षण जाणणारे असावे. याचा अर्थ पुढे सांगितला आहे. कपाटात पडून असलेले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कार्ड फुकट मिळते म्हणून बसविण्याचा मोह आवरावा. ते फक्त जुने, मोडीत निघालेले संरक्षण जाणत असेल, तर त्याच्याशी बोलण्यासाठी राउटरलाही त्याच पातळीवर उतरवावे लागते, आणि एका कार्डापायी शाळेतील सर्व यंत्रांची कुलुपे ढिली होतात.

ज्यांना झाकण मुळीच उघडावयाचे नसेल, त्यांच्यासाठी यूएसबीच्या खाचेत बाहेरून लावण्याचे लहान उपकरण मिळते. त्याची पकड सहसा थोडी कमी असते, पण एका खोलीपुरते ते पुरते. सरकारी संगणक देखभाल कराराखाली किंवा हमीच्या मुदतीत असेल, तर झाकण उघडण्यापूर्वी संबंधित विभागाची लेखी अनुमती घ्यावी. आणि कार्ड कितीही लहान असले तरी त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी. लेखापरीक्षकांना ते दिसत नाही, देयक मात्र दिसते.

कार्ड बसविण्याची रीत

प्रथम संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील बटण बंद करून विजेची तार यंत्रातून काढून घ्यावी, आणि मग संगणक सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. आत उरलेली वीज त्यामुळे निघून जाते. त्यानंतर कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावावा. आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज अशा नाजूक भागांना मारक ठरते. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत ती फारशी साठत नाही, परंतु डिसेंबर-जानेवारीत बेळगाव किंवा इंदूरच्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर घालून हे काम करणाऱ्याने ही काळजी अवश्य घ्यावी.

झाकण काढल्यावर आत धूळ, कोळ्याची जाळी, मुंग्यांचे वारूळ, क्वचित पालीची अंडीसुद्धा सापडतात. मऊ कुंचल्याने ती प्रथम दूर करावीत. ज्या खाचेत कार्ड बसवावयाचे, तिच्या समोर कॅबिनेटच्या पाठीला पत्र्याची एक कोरी पट्टी असते. ती काढावी. समुद्राजवळच्या गावांत या पट्टीचा स्क्रू गंजलेला असतो, म्हणून घाई न करता योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर लावावा. मग कार्डाच्या कडा धरून, सोनेरी दातांना बोट न लावता, ते खाचेवर सरळ ठेवावे आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन आत बसवावे. वाकडे दाबू नये. ते पूर्ण बसले की दात दिसेनासे होतात आणि पट्टी पाठीच्या पत्र्याला नीट टेकते. तेथे स्क्रू लावावा. अँटेना सर्वांत शेवटी, बाहेरच्या बाजूने, हाताने फिरवून बसवावेत. पक्कड वापरू नये. काही कार्डांत ब्लूटूथचीही सोय असते. तीसाठी एक बारीक तार मदरबोर्डवरील यूएसबीच्या टोकाशी जोडावी लागते. ती जोडली नाही तरी इंटरनेट चालते.

अँटेना कॅबिनेटच्या पाठीशी येतात, आणि आपल्याकडे कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला चिकटवून ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे पुढे लोखंडी पेटी, मागे चिरा आणि मध्ये अँटेना, अशी त्या बिचाऱ्याची अवस्था होते. शक्य असेल तर लांब तारेचा, टेबलावर ठेवता येणारा अँटेना घ्यावा. वर उल्लेखिलेल्या शाळेत कार्ड व्यवस्थित बसले, संगणकाने ते ओळखले, तरी लहरी अगदी क्षीण येत होत्या. अर्धा तास सर्वांनी कार्डाला दोष दिला. शेवटी शिपायाने सुचविले की, राउटर आणि खिडकी यांच्यामध्ये उभे असलेले लोखंडी कपाट सरकवून पाहावे. कपाट दोन हात सरकले आणि अंगणापलीकडे इंटरनेट सुरळीत चालू लागले.

कार्ड चालविणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. अलीकडील संगणकप्रणाली पुष्कळशी कार्डे आपण होऊन ओळखतात. न ओळखल्यास मोठी गमतीची अडचण उभी राहते. ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेट मिळण्यासाठी ड्रायव्हर लागतो. कार्डाबरोबर येणारी तबकडी लावण्याची सोय नव्या संगणकांत नसते. अशा वेळी मोबाइल तारेने संगणकाला जोडून, मोबाइलमधील यूएसबी टेदरिंग ही सोय सुरू करावी. तेवढ्यापुरते मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते. ड्रायव्हर कार्डाच्या उत्पादकाच्या किंवा संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. फुकट ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या तिसऱ्याच ठिकाणी जाऊ नये.

कुलूप आणि किल्ली

येथपर्यंतचे काम पाहून लोक हात धुऊन मोकळे होतात. वास्तविक महत्त्वाचे काम येथून पुढे सुरू होते. तारेवरील बोलणे चोरून ऐकावयाचे तर घरात शिरावे लागते. लहरी मात्र भिंत आणि कुंपण ओलांडून रस्त्यापर्यंत जातात. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या पकडता येतात, आणि जोडणीला संरक्षण नसेल तर आपल्या नावावरचे इंटरनेट वापरताही येते.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे २००८ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना स्फोटांची पूर्वसूचना देणारा ईमेल मिळाला होता. त्याचा माग काढीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील एका घरी. तेथील बिनतारी जोडणीला पुरेसे संरक्षण नव्हते, आणि तिचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. त्याच वर्षी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत मुंबईतील एक महाविद्यालय आणि एक खाजगी कंपनी यांच्या जोडण्यांचाही असाच दुरुपयोग झाला. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित ठेवण्याविषयी सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. इंटरनेटवर केलेल्या कृतीचा माग प्रथम जोडणीधारकाच्या दारापर्यंत येतो. शाळेच्या बाबतीत ते दार मुख्याध्यापकांचे, पंचायतीच्या बाबतीत सचिवांचे.

लहरींवरील बोलणे परक्यास कळू नये म्हणून ते सांकेतिक भाषेत बदलून पाठविले जाते. या संरक्षणाच्या पिढ्या झाल्या आहेत. पहिली डब्ल्यूईपी नावाची. तिच्यातील दोष २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले, आणि २००७ मध्ये ती एका मिनिटाच्या आत फोडता येते हे सिद्ध झाले. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये अधिक भक्कम असे डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. राउटरच्या मांडणीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडावे. काही यंत्रे जुनी असल्यास दोन्हींचा मिश्र पर्याय, नाहीतर एईएस पद्धतीचे डब्ल्यूपीए-२. त्याखालील काहीही निवडू नये. डब्ल्यूपीए-२ मधीलही एक त्रुटी बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी २०१७ मध्ये उघडकीस आणली. तिच्यावर इलाज एकच होता, तो म्हणजे संगणकप्रणाली, ड्रायव्हर आणि राउटर अद्ययावत करणे. म्हणूनच कार्ड बसविल्यावर अद्ययावत करण्याच्या सूचना पुढे ढकलीत राहू नये.

कुलूप कितीही चांगले असो, किल्ली उंबरठ्यावर ठेवली तर उपयोग काय? आपल्याकडे परवलीचा शब्द म्हणून मोबाइल क्रमांक देण्याची फार सवय आहे. त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असून ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. संख्या प्रचंड वाटते. परंतु डब्ल्यूपीए-२ च्या जोडणीतील आरंभीची देवाणघेवाण रस्त्यावरून एकदा टिपून घेतली, की मग घरी बसून अंदाज ताडून पाहता येतात, आणि चित्रांच्या खेळांसाठी बनविलेले शक्तिशाली संगणक सेकंदाला लाखो अंदाज तपासतात. ४०० कोटींना काही तास पुरतात. जन्मतारखेचे तर विचारूच नये. शंभर वर्षांत सारे मिळून साडेछत्तीस हजार दिवस! शिवाय मुख्याध्यापकांचा मोबाइल क्रमांक शाळेच्या फलकावरच रंगविलेला असतो, तेव्हा अंदाजाचेही कष्ट नकोत.

परवलीचा शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. या मर्यादेचा पुरेपूर लाभ घ्यावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. फणस, सातबारा, पितळ, उंबरठा अशा धर्तीवर. (हेच चार मात्र घेऊ नयेत, कारण हा अंक सर्वत्र जातो.) असा शब्द ध्यानात राहतो आणि यंत्राला सहज सापडत नाही. राउटरच्या मांडणीत शिरण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द वेगळा असतो. तो कारखान्यातून येताना पुष्कळदा सर्वांना एकच दिलेला असतो आणि तसाच राहून जातो. तोही बदलावा. डब्ल्यूपीएस नावाची, आठ अंकांवर जोडणी देणारी सोय बंद करावी. त्या आठ अंकांची तपासणी दोन भागांत होते आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. जाळ्याचे नाव लपविल्याने सुरक्षितता वाढते असा एक समज आहे. तो खरा नाही. लपविलेले नाव साध्या साधनांनी कळते, उलट आपला संगणकच त्या नावाने हाका मारीत बसतो. पाहुण्यांसाठी, पालक सभेसाठी आलेल्यांसाठी राउटरवर वेगळे पाहुणे-जाळे सुरू करता येते. त्यातून शाळेच्या संगणकांपर्यंत वाट नसते.

संगणकाच्या बाजूनेही दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या जाळ्याशी जोडताना विंडोजमध्ये जाळे सार्वजनिक की खाजगी, अशी निवड असते. मुद्रणयंत्र वा धारिका इतर यंत्रांशी वाटून घ्यावयाच्या नसतील, तर सार्वजनिक हाच पर्याय ठेवावा, म्हणजे इतर यंत्रांना आपला संगणक दिसत नाही. आणि कुलूप नसलेल्या अनोळखी जाळ्याशी आपोआप जोडून घेण्याची खूण काढून टाकावी.

आता ती राहिलेली हकीकत. त्या शाळेच्या संगणक कक्षाचे उद्घाटन झाले, पाहुण्यांनी पहिले बटण दाबले, आणि लेखकाने कर्तव्यबुद्धीने छायाचित्र घेऊन सायंकाळपर्यंत वृत्तपत्रांकडे व विभागाच्या पानावर धाडले. छायाचित्र फार सुरेख आले होते. पाहुण्यांच्या मागच्या फळ्यावरील प्रत्येक अक्षर वाचता येत होते, आणि शिक्षकांनी मुलांच्या सोयीसाठी त्याच फळ्यावर परवलीचा शब्द ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा दूरध्वनी आला. शाळा सुटल्यावर कुंपणाबाहेरच्या कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली होती. त्यांचा हेतू चित्रपट पाहण्यापलीकडे नसावा. परंतु त्या तीन दिवसांत त्या जोडणीवरून कोणी काय केले, याचे उत्तर मुख्याध्यापकांपाशी नव्हते, आणि कोणी विचारले असते तर ते त्यांनाच द्यावे लागले असते.

शब्द त्याच दिवशी बदलण्यात आला. नवा शब्द एका लिफाफ्यात मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला आहे, आणि लिफाफ्यावर तारीख घातली आहे. मुख्याध्यापक, संगणक शिक्षक किंवा लिपिक यांची बदली झाली, की कार्यभार सोपविण्याच्या यादीत किल्ल्या, शिक्के व नोंदवह्या यांच्याखाली या लिफाफ्याची नोंद होते, आणि येणारा अधिकारी शब्द बदलून नवा लिफाफा करतो. छायाचित्र घेण्यापूर्वी फळा पुसण्याचे काम लेखक आता स्वतः करतो.